काळ्या पडद्यामागचे कारण

संगणक सुरू केल्यावर पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो, तेव्हा यंत्र कायमचे बिघडले असे मानण्याची घाई करू नये. कारण हा दोष पुष्कळदा एखाद्या सैल जोडणीत दडलेला असतो. प्रथम मॉनिटरचा वीजपुरवठा आणि केबल तपासावी, व चित्र तयार करणारे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बसवलेले असल्यास केबल मदरबोर्डला नव्हे, तर त्या कार्डालाच जोडलेली आहे याची खात्री करावी.

सुरू होताना संगणक आपल्या मुख्य भागांची जी स्वयंतपासणी करतो तिला ‘पोस्ट’ म्हणतात. तीत रॅम, म्हणजे तात्पुरती स्मृती, सापडली नाही तर चित्र उमटण्यापूर्वीच काम थांबते. अशा वेळी वीजजोडणी पूर्ण काढून, धातूच्या सांगाड्याला हात लावून अंगातली स्थितिक वीज घालवावी, रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कड मऊ खोडरबराने हलकेच पुसावी आणि खिट्टी ‘टक्’ असा आवाज करून बसेपर्यंत पट्टी दाबावी. पट्ट्या २ असल्यास एकेक लावून पाहिल्याने सदोष पट्टी ओळखता येते. पॉवर सप्लाय मात्र कधीही उघडू नये, कारण त्यातील कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही घातक विद्युतभार उरू शकतो.