समुद्र कुणासाठी बंद होतो?

जुलैतल्या भरपावसात अटल सेतूवरून न्हाव्याकडे उतरायला लागलं, की उजव्या हाताला शेव्याच्या बंदरातल्या क्रेन धूसर दिसतात. त्यांच्याखाली कंटेनरची चढउतार चालूच असते. त्याच दिवशी बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात मोठ्या होड्या ताडपत्रीखाली शाकारलेल्या असतात, खलाशी गावी गेलेले असतात आणि गेटवेहून मांडव्याला जाणारी लाँच तर कधीच थांबलेली असते. बंदर एकच, पाणीही एकच. तरी एकाला समुद्र उघडा आणि दुसऱ्याला बंद.

सरकारी हिशेबात पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ ऑगस्ट हा खराब हवेचा हंगाम. गेटवे-मांडवा लाँच बहुतेक वर्षी त्याआधीच, मेच्या शेवटच्या आठवड्यात थांबतात आणि सप्टेंबर उजाडला की पुन्हा सुटतात. यांत्रिक बोटींच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी. तिच्यामागे खलाशांच्या जिवाइतकंच माशांच्या विणीचंही कारण आहे. गंमत म्हणजे शेव्याचं बंदर, म्हणजे जेएनपीटी, सुरू झालं ते २६ मे १९८९ रोजी. लहान बोटवाले गाशा गुंडाळतात, नेमक्या त्याच आठवड्यात!

बंदीचं कारण पाऊस, असं पुष्कळांना वाटतं. तसं असतं तर सप्टेंबरातही लाँच बंदच राहिल्या असत्या, कारण मुंबईतून पाऊस काढता पाय घेतो तो ऑक्टोबरात. खरं कारण वारा. जूनमध्ये नैर्ऋत्येकडून सुटलेला वारा आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून इथवर अडथळ्याविना येतो आणि वाटेत लाटांना फुगवत आणतो. मुंबई बेट आडवं असल्यामुळे बंदराच्या पोटातलं पाणी त्यामानाने शांत राहतं, पण बंदराचं तोंड उघडतं तेच नैर्ऋत्येला. तिथे तळ उथळ होत जातो, तशी लाट उभी राहते. त्यात ओहोटी लागली, की बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारा वारा समोरासमोर येतात आणि लाटा आखूड, उंच, चढ्या होतात. मांडव्याची आणि रेवसची वाट नेमकी या तोंडावरून जाते. ऑगस्ट सरता सरता वाऱ्याचा जोर मोडतो. मग पाऊस कोसळत असला तरी बोट जाऊ शकते.

या तोंडावर काय होतं ते रायगडातल्या जुन्या घरांना वेगळं सांगावं लागत नाही. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. सणाला घरी निघालेली माणसं घेऊन ‘रामदास’ ही आगबोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ लाटांनी कलंडून बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. काही जण पोहत किनाऱ्याला लागले, तेव्हा कुठे मुंबईला बातमी कळली. तारीख पाहा. आज ज्या दिवसांत लाँच सोडणं कुणाच्या मनातही येणार नाही, त्या दिवसांत तेव्हा रेवसची आगबोट चालत होती.

मोठ्या जहाजाला ही लाट अडवत नाही. तीनशे मीटर लांबीच्या कंटेनर जहाजाखालून ती निघून जाते, खोल खणलेला मार्ग त्याला थेट धक्क्याला आणतो. खरी कसोटी असते ती पायलटची. बाहेर थांबलेल्या जहाजावर तो लहान लाँचने जातो आणि दोरीच्या शिडीने वर चढतो. पावसाळ्यात लाँच वरखाली हेलकावत असते. ती लाटेच्या माथ्यावर आली, की त्याच क्षणी शिडी धरायची, क्षणभर उशीर झाला तर पायाखालची लाँच खाली गेलेली असते. भाऊचा धक्का ते मांडवा ही २०२० साली सुरू झालेली रो-रो बोटही पावसाळ्यात चालते. तीही मोठी, गाड्या पोटात घेणारी, आणि मांडव्याला लाटा अडवणारी भिंत बांधल्यामुळे तिला धक्क्याला लागता येतं. म्हणजे तारीख कॅलेंडरातली असली, तरी समुद्र कुणासाठी बंद हे ठरवतात बोटीचा आकार, धक्क्याची आड आणि पाण्याची खोली.

पूर्वी रो-रोची ही सोय नव्हती, तेव्हा सगळा किनाराच आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागण्याच्या, तालावर चालायचा. कोकणची आगबोट बंद व्हायच्या आत चाकरमान्याने गावी पोचायचं किंवा मुंबईत अडकायचं. घरात सुकट, बोंबील, मीठ, लाकूडफाटा भरून ठेवायचा. राजकारणही याच तालावर. १६७९ साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेने त्यांच्या आरमारातला मायनाक भंडारी बंदराच्या तोंडाबाहेरच्या खांदेरी बेटावर उतरला तो ऑगस्टअखेर, समुद्र नीट खुला व्हायच्या आत. मुंबईकर इंग्रजांची जहाजं सप्टेंबरात अडवायला पोचली, तोवर तटाचं काम लागलेलं होतं.

समुद्र उघडण्याची कोळ्यांची तारीख नारळी पौर्णिमा. ती चंद्राची असल्यामुळे हलते. २०२० साली ३ ऑगस्टला आली, २०२३ साली अधिक श्रावणामुळे ३० ऑगस्टला. वारा मात्र सूर्याच्या मागे चालतो, तिथीच्या नव्हे. त्यामुळे एखाद्या वर्षी नारळ वाहिला तरी समुद्र निवळलेला नसतो. तरीही ३१ जुलैपेक्षा ती तारीख शहाणी, असं मला वाटतं. बंदी नारळी पौर्णिमेपर्यंत किंवा निदान १५ ऑगस्टपर्यंत वाढवा, ही मागणी मच्छीमारांच्याच संस्था करत आल्या आहेत. आपल्याच पोटाला आणखी पंधरा दिवस चिमटा मागणारे लोक विरळाच.

इथे वारा दार लावतो, तर कॅनडात बर्फ. सेंट लॉरेन्सचा जलमार्ग अजूनही हिवाळ्यात बंद असतो. त्याच नदीवरच्या माँट्रियल बंदरात नव्या वर्षाचं पहिलं सागरी जहाज आणणाऱ्या कप्तानाचा गौरव करण्याची प्रथा १८४० पासूनची, त्याला सोन्याच्या मुठीची काठी देतात. १९६४ पासून ते बंदर हिवाळाभर उघडं आहे, पण काठी थांबलेली नाही. आपल्याकडे सोनेरी वेष्टनातला नारळ वाजतगाजत निघतो, तोही बोटी आठवडाभर आधी समुद्रात गेल्या असल्या तरी.

तारखेवर फार विसंबणंही बरं नव्हे. ‘विजली’ म्हणून ओळखली जाणारी ‘वैतरणा’ ही आगबोट बुडाली ८ नोव्हेंबर १८८८ रोजी, ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ ११ नोव्हेंबर १९२७ रोजी. दोन्ही वेळा समुद्र रीतसर खुला होता. अरबी समुद्रातली वादळं मोसमाच्या दोन टोकांना उठतात. २०२१ साली तौक्ते वादळात पी-३०५ हा तराफा बुडाला तो १७ मे रोजी, हंगाम बंद व्हायला दोन आठवडे असताना. म्हणून बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला, की महिना कुठलाही असो, बंदराच्या पलीकडच्या काठावरच्या मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला येणारी लाँच थांबते.

मोऱ्याची हीच लाँच आणखी एका कारणाने थांबते आणि नवी मुंबईने ते नीट पाहावं. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला मोऱ्याच्या धक्क्यापाशी गाळच वर येतो, लाँच लागू शकत नाही आणि काही तास सेवा बंद. वर्षातून एकदा नव्हे, दर पंधरवड्याला. बेलापूरहून फेब्रुवारी २०२२ मध्ये वाजतगाजत वॉटर टॅक्सी सुरू झाली, प्रतिसाद बेताचाच मिळाला. दोष तिकिटाच्या दराला दिला गेला, तो खोटा नाही. पण बेलापूर ते भाऊचा धक्का ही वाट बंदराच्या पोटातून जाते, मांडव्यासारखी तोंडावरून नाही. पावसाळ्याचे बरेच दिवस ती चालवता येईल. त्यासाठी ओहोटीलाही बोट लागेल एवढं पाणी धक्क्यापाशी लागतं, आणि ते राखायचं तर गाळ एकदा उपसून भागत नाही. दर पावसाळ्यानंतर पुन्हा उपसावा लागतो.