पक्कं घर आणि कच्चं वायफाय

सांगलीतलं आमचं घर मी १९९४ साली बांधलं. तळमजला आणि त्यावर दोन मजले. तेव्हा मी सरकारी नोकरीत स्थापत्य अभियंता होतो, आता निवृत्त आहे. स्लॅब पडला त्या दिवशी पहाटेपासून रात्रीपर्यंत मी स्वतः उभा होतो. पाच इंची स्लॅब, टॉर सळई एका दिशेला सहा इंचांवर, दुसऱ्या दिशेला आठ इंचांवर. एकवीस दिवस पाणी मारलं. पुढे कुणी घराचं कौतुक केलं की मी वर छताकडे बोट दाखवायचो. घरात वायफाय येईपर्यंत हे चाललं.

मला बोलायचं आहे ते या वायफायबद्दल. पण त्याआधी आमच्या घरातली वाटणी सांगायला हवी. आई, वय वर्षं ८४, जिने चढत नाही म्हणून तळमजल्यावर मागच्या खोलीत. मी आणि आमच्या सौ. पहिल्या मजल्यावर. आणि राउटर? राउटर सगळ्यात वर, दुसऱ्या मजल्यावर. याला कारण कृष्णामाई. ऑगस्ट २०१९च्या पुरात आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं. टीव्ही गेला, इन्व्हर्टर गेला, फ्रीज तरंगत स्वयंपाकघराच्या दारात येऊन आडवा झाला. त्यानंतर विजेवर चालणारी जी जी वस्तू वर नेता येईल ती आम्ही वर नेली. २०२१च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा आपण शहाणपणा केला असंच वाटलं. फायबरची तार खांबावरून थेट दुसऱ्या मजल्यावर घेतली, तिचा डबाही तिथंच बसवला.

ऑगस्ट २०२३ मधली गोष्ट. पहाटे चार-सव्वाचारला आई न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पाय घसरून पडली. मोबाइल गळ्यातल्या पिशवीत होता. तिनं मला फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला, एकदा रिंग वाजल्यासारखी झाली आणि तुटली. हाका मारल्या, पण पावसाचा आवाज, वर आमच्या खोलीचं दार बंद. पाच वाजता दूधवाला आला, त्यानं तिचं कण्हणं ऐकलं आणि बेल दाबून आम्हाला उठवलं. मनगटाचं हाड मोडलं होतं. पाऊण तास ती ओल्या फरशीवर पडून होती. प्लास्टर करून घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "अरे, तू घर इतकं पक्कं बांधलंस की माझा आवाज वर येईना."

मला रागापेक्षा लाज वाटली. मग मी त्या फोनच्या मागे लागलो.

झालं होतं ते असं. आईच्या मागच्या खोलीत मोबाइलची रेंज नावापुरतीच. म्हणून मीच तिच्या फोनमध्ये वायफायवरून फोन लावण्याची सोय चालू करून दिली होती. ही सोय आपल्याकडे २०१९च्या अखेरीस सुरू झाली. मोबाइलचा टॉवर पोचत नसेल तर फोन घरच्या वायफायवरून लागतो. सोय चांगली आहे, पण वायफाय धड असेल तर. आईच्या खोलीत ते अगदीच क्षीण होतं. फोन त्या क्षीण धाग्याला धरून बसला. धड बोलणं होईना आणि धागा सोडून टॉवरकडेही जाईना. वायफाय मुळीच नसतं तर कदाचित फोन लागला असता.

आता हे क्षीण म्हणजे किती? फोनवर दिसणाऱ्या काड्यांवर जाऊ नका. वायफायची ताकद मोजणारी फुकट ॲप मिळतात. त्यांत उणे आकडा दिसतो. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८०च्या पुढे गेलात की भरवसा नाही. ध्यानात ठेवायचं ते इतकंच की दर दहा आकडे खाली गेलं की ताकद एक दशांश होते. मी घराचा जुना नकाशा काढला आणि खोलीखोलीतून आकडे लिहिले. राउटरशेजारी उणे ३५. पहिल्या मजल्यावर आमच्या दिवाणखान्यात उणे ६०. आईच्या पलंगापाशी उणे ८४. राउटरजवळ असलेल्या ताकदीचा जवळजवळ एक लाखांश भाग तिच्यापर्यंत पोचत होता. न्हाणीघरात तर ॲपला आकडाच सापडेना.

यातली काही घट अंतरामुळे, पण मोठा वाटा स्लॅबचा. वायफायच्या लहरी मुख्यतः दोन प्रकारच्या. एक २.४ गिगाहर्ट्‌झची, तिची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर. दुसरी ५ गिगाहर्ट्‌झची, ती पाच-सहा सेंटिमीटरची. लांब लहर भिंतीतून जरा बरी पार होते, आखूड लहर वेगाने माहिती नेते पण लवकर अडते. पुष्कळांना वाटतं की सगळा दोष सळईचा. मीही आधी तोच हिशेब मांडला. पण सहा इंच म्हणजे पंधरा सेंटिमीटर. इतक्या रुंद खिडक्यांतून ही लहर अगदीच अडून राहत नाही. जास्त काम काँक्रीट स्वतः करतं. त्यात कायम थोडा ओलावा असतो आणि ओलावा ही लहर पिऊन टाकतो. एका स्लॅबमध्ये ढोबळमानानं दहा ते वीस आकडे जातात. आमच्याकडे दोन स्लॅब. शिवाय आईची खोली राउटरच्या बरोबर खाली नाही, घराच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्यामुळे लहर तिरकी जाते. पाच इंची स्लॅब पंचेचाळीस अंशांत ओलांडायचा म्हणजे सात इंच काँक्रीट. वाटेत बीम आला तर विचारायलाच नको. आणि खालच्या दारामागे आईचं आरशाचं लोखंडी कपाट उभं, ते वेगळंच.

दुकानदारानं सल्ला दिला, आठ अँटेनांचा भारी राउटर घ्या. मी घेतला नाही आणि तुम्हीही घाईनं घेऊ नका. वायफाय म्हणजे रेडिओसारखं एकतर्फी बोलणं नव्हे. तुम्ही गच्चीवरून कर्णा लावून ओरडलात तरी खालच्या माणसाचं उत्तर त्याच्याच आवाजात वर यायचं असतं. फोनचा आवाज बारीक तो बारीकच.

अँटेनाचं मात्र एक सांगतो, त्याला पैसे पडत नाहीत. उभ्या अँटेनेतून लहर आडवी पसरते, अँटेनेच्या काठीत मेदूवडा ओवावा तशी. टोकाच्या वर आणि खाली फारसं काही जात नाही. सगळ्या अँटेना सरळ उभ्या ठेवल्या की त्याच मजल्यावर छान, खालच्या मजल्याला उपास. एक-दोन अँटेना आडव्या करून बघा. माझ्याकडे चार आकडे सुधारले. राउटर कपाटातून बाहेर काढून जिन्याच्या तोंडाशी ठेवला, आणखी सहा सुधारले. जिना ही स्लॅबमधली एकच मोठी मोकळी जागा, लहरींनाही तीच वाट सोपी पडते. छोट्या घरात एवढ्यावर काम भागेल. माझं भागलं नाही.

मग मी सगळे करतात ती चूक केली. रिपीटर आणला आणि आईच्या खोलीतच लावला. आईच्या फोनवर काड्या पूर्ण भरल्या. मी खूश. पण फोन पूर्वीसारखाच तुटायचा. रिपीटर म्हणजे निरोप्या. त्याला स्वतःलाच निरोप अर्धवट ऐकू आला तर तो मोठ्या आवाजात अर्धवटच सांगणार. त्याची जागा रेंज संपते तिथं नसून, रेंज अजून चांगली आहे तिथं. मी तो पहिल्या मजल्याच्या जिन्याजवळ नेला. आईकडे उणे ६८ मिळालं आणि फोन लागू लागला. वेग निम्म्यावर आला, कारण एकाच बँडवर ऐकायचं आणि त्याच बँडवर सांगायचं. ते चाललं असतं. पण एका संध्याकाळी वीज गेली आणि लक्षात आलं की जिन्याजवळचा प्लग इन्व्हर्टरवर नाही. अंधारात म्हातारं माणूस पडण्याची भीती जास्त, आणि नेमका तेव्हाच निरोप्या मुका.

हल्ली मेश नावाची जी जोडी-तिकडी मिळते, तीही बिनतारी वापरली तर निरोप्याचीच सुधारलेली जात आहे. दोघांतिघांना आपसात बोलायला चांगली वाट दिली तर उत्तम चालते. पण दोघांमध्ये स्लॅब असेल तर तो स्लॅब तिथंच राहतो. लहर स्लॅबमधून पाठवण्याचा हट्ट सोडून तार पाठवावी, हे मला शेवटी पटलं. दोन मजल्यांमध्ये तार, आणि मजल्यावरच्या मजल्यावर बिनतारी.

स्लॅबला भोक पाडण्याचा विचारही करायचा नव्हता. बीम आणि सळई कापून घेतलेली रेंज मला नको. पण १९९४ साली मी भिंतीतून टीव्हीच्या अँटेनेसाठी पाइप टाकून ठेवला होता, गच्चीपासून तळमजल्याच्या दिवाणखान्यापर्यंत. त्यात जुनी चपटी वायर तशीच मेलेली पडली होती. तुमच्याही घरात असा पाइप असेल, टेलिफोनचा किंवा केबलचा. आधी तो शोधा. वायरमन पोरगा म्हणाला, "काका, ही जुनी ओढून फेकू नका, हिलाच नवी बांधू." वरून नवी केबल बांधली, खालून जुनी ओढली. पहिल्या मजल्याच्या बेंडमध्ये गाठ अडकली. तासभर ओढाओढ झाली, शेवटी आमच्या सौ.नी टाल्कम पावडरचा डबा आणून पाइपात ओतला आणि गाठ सरकली. केबल कॅट-सिक्स प्रतीची, आतून निव्वळ तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, ती घेऊ नका. मी पुढे जे सांगणार आहे त्यासाठी ती धोक्याची आहे. घरच्या २३० व्होल्टच्या वायरींच्या पाइपातूनही ती नेऊ नका. लांबीची काळजी नको, शंभर मीटरपर्यंत चालते. मला अठरा लागली.

खाली या केबलला ॲक्सेस पॉइंट जोडला, बशीएवढा डबा. आता पुराचा प्रश्न. खाली विजेची वस्तू ठेवायची नाही असं आम्ही ठरवलेलं. इथं एक सोय उपयोगी पडली. त्याच केबलमधून त्या डब्याला वीजही पाठवता येते, सुमारे ४८ व्होल्टची. वर इन्व्हर्टरला एक छोटं उपकरण लावलं, खाली प्लगच नको. खालच्या मजल्याची वीज गेली, मेन स्विच पाडला, तरी आईचं वायफाय चालू. डबा छताला लागून बसवला आणि दिवाणखान्याच्या दारातून आईच्या खोलीकडे तोंड केलं.

जोडताना दोन-तीन गोष्टी नीट बघाव्या लागतात. घरातल्या उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम एकाच राउटरकडे ठेवायचं, खालच्या डब्याकडचं बंद करायचं, नाहीतर दोन पोस्टमन एकाच गल्लीत भांडतात. दोन्हीकडे नाव आणि पासवर्ड एकच ठेवायचा, पण २.४ गिगाहर्ट्‌झवर चॅनल वेगळे. १, ६ आणि ११ हे एकमेकांत मिसळत नाहीत, त्यांतले दोन निवडा. आणि वरच्या राउटरची ताकद थोडी कमी करायची. हे ऐकायला उलटं वाटतं. पण फोन जुन्या धाग्याला धरून बसतात हे आपण पाहिलंच. वरचा आवाज थोडा लहान केला की खाली आलेला फोन त्याला सोडून जवळच्याला धरतो.

आता आईच्या पलंगापाशी उणे ४८, न्हाणीघरात दार लावून उणे ६१. मी स्वतः आत उभा राहून आमच्या सौ.ना फोन लावून पाहिला, एकदा नव्हे, आठवडाभर.

तरीही एक काम मी त्याच आठवड्यात केलं. आईच्या उशाशी आणि न्हाणीघरात खाली, बसलेल्या माणसाच्या हाताला येईल अशा उंचीवर, बेलचं बटण लावलं. ते जलरोधक आणि बॅटरीवरचं आहे, तार सरळ आमच्या खोलीत. त्यात इंटरनेट नाही, पासवर्ड नाही. घरात एकटं राहणारं म्हातारं माणूस असेल तर वायफायच्या आधी हे करा. आई त्या बेलचा उपयोग मुख्यतः पहाटे चहासाठी करते आणि दुपारी बहिणीशी व्हिडिओवर बोलते, तेही स्पीकर लावून, गल्लीला ऐकू जाईल असं.

दर वर्षी मृग लागायच्या आधी मी खालचा डबा एकदा काढून बघतो. दोन स्क्रू आणि एक केबल, शिडीसकट पाच मिनिटं लागतात. केबलचं टोक प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचं आणि डबा घेऊन जिना चढायचा. आईला वर न्यायला मात्र चौघं लागतात. त्यांचे नंबर तिच्या फोनमध्ये आहेत, आणि वहीतही.