माकडताप: सरगूर ते दोडामार्ग

म्हैसूर जिल्ह्यातलं सरगूर बंडीपूरच्या जंगलाला लागूनच आहे. २०१२च्या अखेरीस याच बंडीपूर व्याघ्र प्रकल्पात माकडं मरू लागली आणि त्यांची विल्हेवाट लावणारे मजूर तापाने फणफणले. तो क्यासनूर जंगलाचा ताप होता. मराठीत माकडताप.

१९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात तो प्रथम सापडला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आताची राष्ट्रीय विषाणू संस्था) विषाणू वेगळा केला. पुढे तो घाटाघाटाने सरकत २०१५ला गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ला सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोचला, ऐन काजूच्या हंगामात.

माकडाला दोष देणं अन्यायाचं आहे. वानर आणि दक्षिणेतलं टोपीवालं माकड याच तापाने मरतात. रोग पसरवते ती गोचीड. तिचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं आणि पाचोळा गोळा करणाऱ्याच्या पायाला कधी चिकटलं ते कळतही नाही. माकड मेलं की गार पडलेल्या अंगावरून गोचिड्या उतरून आसपास विखुरतात. म्हणून मेलेल्या माकडाला हात लावू नये, आरोग्य खात्याला किंवा वनखात्याला कळवावं.

गोचीड चावल्यावर ३ ते ८ दिवसांत एकाएकी ताप, डोकेदुखी, अंगदुखी. काहींना रक्तस्राव. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. माणसाकडून माणसाला तो होत नाही. नेमकं औषध नाही. जुनी लस फारशी परिणामकारक नसल्याने कर्नाटकाने २०२२मध्ये थांबवली. नव्या लसीवर काम सुरू आहे.