मुलीची उंची मोजा, अंदाज बांधू नका

निपाणीच्या काळ्या रानात तंबाखूची लागण झाली की शेतकरी रोज सरीतून फेरी मारतो. एखादे रोप बाकीच्यांपेक्षा मागे राहिले तर मुळाशी काय बिघडले ते उकरून पाहतो. पण घरातली मुलगी मागे राहिली तर आपण म्हणतो, “आजीच्या वळणावर गेली असेल,” नाहीतर “न्हाण आले की वाढेल.” या वाट पाहण्यात काही मुलींची उपचाराची वर्षे निघून जातात. म्हणून आज आम्ही टर्नर सिंड्रोम या विकाराची माहिती देत आहोत.

हा विकार फक्त मुलींना होतो. मुलीच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, त्यांत दोन ‘एक्स’ असतात. या विकारात त्यांपैकी एक एक्स नसतो किंवा त्याचा काही भाग नसतो. अमेरिकेतील डॉ. हेन्री टर्नर यांनी १९३८ साली या विकाराचे वर्णन केले. दोष गुणसूत्रात आहे हे १९५९ साली कळले. साधारण दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीला हा विकार असतो.

यात आईचा दोष नाही, बापाचा नाही, ग्रहणाचाही नाही. नात्यातल्या लग्नाने काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो हे खरे. पण टर्नरचे कारण ते नव्हे. गुणसूत्रांची वाटणी होताना ही चूक योगायोगाने घडते. तेव्हा सुनेला बोल लावू नये.

वाढ कशी होते? काही मुली जन्मताच थोड्या लहान असतात, हातापायांच्या पाठीवर सूज असते, मान रुंद असते. तीन वर्षांनंतर वाढीचा वेग मंदावतो. वयात येताना बरोबरीच्या मुली झपाट्याने उंच होतात, ही मात्र मागेच राहते. बहुतेकींना पाळीही आपोआप येत नाही. उपचार झाले नाहीत तर उंची इतर बायकांपेक्षा सरासरी २० सेंटिमीटरने कमी राहते. बुद्धी बहुधा चांगली असते. काही मुलींमध्ये ठेंगणेपणाखेरीज दुसरे काहीच दिसत नाही, म्हणून मोजमाप महत्त्वाचे.

मोजायला खर्च नाही. मुलीला अनवाणी, टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून उभी करा. डोक्यावर पुस्तक आडवे धरून भिंतीवर रेघ ओढा, शेजारी तारीख लिहा. दर सहा महिन्यांनी हेच करा. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मुलगी वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते. वाढ चारच्या आत असेल तर डॉक्टरांना दाखवा. आईबापांच्या उंचीशीही ताळा घाला: बापाच्या उंचीतून १३ वजा करा, आईची उंची मिळवा, दोनने भागा. बाप १६५ आणि आई १५२ असेल तर मुलीची अपेक्षित उंची १५२ येते. वाढ त्या मानाने फारच मागे असेल तर थांबू नका.

अंगणवाडीत सहा वर्षांपर्यंत वजन-उंचीची नोंद होते, ते कार्ड जपून ठेवा. पुढे शाळेत आरोग्य पथक येते तेव्हा मुलीला घरी ठेवू नका. शंका असल्यास बेळगावच्या जिल्हा रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांना भेटा आणि गुणसूत्रांच्या तपासणीबद्दल विचारा. ती रक्तावरच होते.

निदान लवकर झाले तर वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शने चार-सहा वर्षांच्या वयापासून देता येतात आणि उंचीत काही सेंटिमीटरची भर पडते. हाडांची टोके जुळल्यावर त्यांचा उपयोग नाही. अकरा-बाराव्या वर्षाच्या सुमारास स्त्री-संप्रेरक सुरू करतात. हृदय, मूत्रपिंड, कान आणि थायरॉइड यांची तपासणीही होते. काही मुलींची हृदयाजवळची मोठी रक्तवाहिनी अरुंद असते. ते वेळेवर कळले तर जीव वाचतो.

अशी मुलगी शिकते, नोकरी करते, संसारही करते. तिला लपवून ठेवू नका. या आठवड्यातच घरातल्या प्रत्येक मुलीसाठी भिंतीवर पहिली रेघ ओढा.