७२८ खुर्च्या

न्यूयॉर्क शहरातील ब्रॉडवे हा रस्ता नाट्यगृहांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे १९२७ साली बांधलेले एक नाट्यगृह पुढे सीबीएस या प्रक्षेपणसंस्थेने आधी नभोवाणीसाठी व नंतर दूरचित्रवाणीसाठी घेतले आणि त्यास 'स्टुडिओ ५०' असे रूक्ष नाव दिले. प्रेक्षकांसाठी तेथे ७२८ जागा होत्या. रविवार, ९ फेब्रुवारी १९६४ रोजी एड सलिव्हन यांच्या साप्ताहिक कार्यक्रमात लिव्हरपूलच्या चार तरुणांचा 'बीटल्स' हा वृंद गाणार होता. त्या ७२८ जागांसाठी सुमारे ५०,००० मागण्या आल्या.

हाच कार्यक्रम घरी बसून, एक पैही न मोजता पाहता येणार होता. आणि सुमारे ७ कोटी ३० लक्ष लोकांनी तो तसा पाहिलाही. मग त्या मोजक्या खुर्च्यांसाठी एवढी धडपड कशासाठी? प्रक्षेपणगृहात जाऊन प्रेक्षकाच्या पदरात नेमके काय पडते, हे पाहिल्यावाचून या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

प्रक्षेपणगृह हे बाह्यतः नाट्यगृहासारखे दिसले, तरी तेथील सारी व्यवस्था कॅमेऱ्याच्या सोयीने केलेली असते. प्रेक्षक आणि रंगमंच यांच्यामध्ये अवजड कॅमेरे, त्यांच्या जाड तारा आणि ते हलविणारी माणसे यांचा सतत वावर असतो. ज्या क्षणी घरचा प्रेक्षक गायकाचा चेहरा अगदी जवळून पाहत असतो, नेमक्या त्याच क्षणी सभागृहातील एखाद्याच्या दृष्टीआड तो चेहरा कॅमेऱ्याच्या पाठीमागे गेलेला असतो. शिवाय सर्व काही घड्याळाच्या काट्यावर चालते. त्या रात्री तासाभराच्या कार्यक्रमात बीटल्सनी पाचच गाणी म्हटली: आरंभी तीन व उत्तरार्धात दोन. मधल्या काळात जादूचे प्रयोग झाले, नकला झाल्या, विनोदी प्रवेश झाला. 'ऑलिव्हर!' या संगीतिकेतील नटसंचही गाऊन गेला. त्या संचात डेव्ही जोन्स नावाचा एक किशोरवयीन मुलगा होता. बीटल्सना पाहून मुली कशा बेभान होतात, हे त्याने रंगमंचाच्या कडेला उभे राहून पाहिले. दोनच वर्षांनी 'मंकीज' या वृंदाचा गायक म्हणून तसाच आरडाओरडा त्याच्याही वाट्यास आला. जादूगाराची मात्र कीव करावीशी वाटते. बीटल्सच्या पाठोपाठ हातचलाखी दाखविण्याचा प्रसंग शत्रूवरही येऊ नये.

परंतु खरी गंमत आवाजाची आहे. गायकांसमोरील मायक्रोफोनमधून निघालेला आवाज तारेवाटे थेट प्रक्षेपणाकडे जातो, आणि म्हणून तो घरी बऱ्यापैकी स्वच्छ ऐकू येतो. सभागृहातील श्रोत्याच्या कानी मात्र आधी शेजारणीची किंकाळी पडते आणि मग, उरलेच तर, गाणे. गाणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकविणारे ध्वनिक्षेपक रंगमंचावर मांडण्याची पद्धतही त्या काळी रूढ नव्हती. तेव्हा या कोलाहलात गायकांचीही गत श्रोत्यांहून फारशी निराळी नव्हती. आपल्याकडील मैफलीचा श्रोता गवई समेवर येईपर्यंत श्वास रोखून धरतो आणि मग दाद देतो. येथे दाद गाण्याच्या आधी, मध्ये व नंतर, अखंड चालू होती. तिला दाद म्हणावे की नाही, हाही प्रश्नच आहे. त्या मुली गाणे ऐकावयास आल्या नव्हत्या, ते तर त्यांना तबकडीवरून ऐकून पाठच होते. ज्यांचे आवाज ऐकले ती माणसे खरोखर आहेत आणि आपण त्यांच्यासमोर आहोत, एवढ्यासाठीच त्या आल्या होत्या. दुसऱ्या गाण्याच्या वेळी घरच्या पडद्यावर एकेका वादकाच्या चेहऱ्याखाली नाव उमटत गेले, आणि जॉन लेनन यांच्या नावाखाली ते विवाहित असल्याबद्दल मुलींची क्षमा मागणारी एक ओळ झळकली. सभागृहातील मुलींसमोर मात्र प्रत्यक्ष लेननच उभे होते.

दिग्दर्शकाने हे सारे ओळखले होते. कॅमेरे पुनःपुन्हा प्रेक्षकांकडे वळत होते. खुर्चीत उसळ्या मारणाऱ्या, डोके धरून बसलेल्या मुली देशभर दिसल्या. पाहावयास आलेल्यांचाच देखावा झाला.

त्याच दिवशी दुपारी आणखी एक प्रेक्षकवर्ग तेथे येऊन गेला होता. त्यांच्यापुढे बीटल्सनी म्हटलेली तीन गाणी फितीवर घेऊन ठेवली आणि ती २३ फेब्रुवारीस प्रक्षेपित केली. म्हणजे दुपारच्या मंडळींनी दोन आठवड्यांनी आपल्याच किंकाळ्या घरी बसून ऐकल्या असतील. त्याच्या आदल्याच दिवशी बीटल्स लंडनला परतले होते.

पुढे हा कोलाहल बीटल्सनाच असह्य झाला. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी तिकीट लावून केलेला शेवटचा जाहीर कार्यक्रम झाला. त्याच वर्षी सलिव्हन यांच्या कार्यक्रमास ते स्वतः न जाता त्यांनी आपल्या गाण्यांचे चित्रपट पाठवून दिले. चित्रपटास प्रेक्षागृहाची गरज नव्हती; ७२८ खुर्च्यांचे महत्त्व तेथेच संपावयाचे.

ते संपले नाही. ४ सप्टेंबर १९६८ रोजी लंडनजवळ ट्विकनहॅम येथील चित्रपटनिर्मितीच्या स्टुडिओत 'हे ज्यूड' या गाण्याचे दूरचित्रवाणीसाठी चित्रण झाले, तेव्हा सुमारे ३०० लोकांना मुद्दाम बोलाविले होते. सात मिनिटांहून मोठ्या या गाण्याचा उत्तरार्ध म्हणजे एकच साधी ओळ पुनःपुन्हा म्हणणे, त्यामुळे ती कोणासही म्हणता येते. या वेळी खुर्च्यांच्या रांगा नव्हत्या. उत्तरार्ध सुरू होताच लोक पुढे सरसावले, पियानोभोवती आणि ढोलांभोवती दाटीवाटीने उभे राहिले आणि गाऊ लागले. कोणी किंचाळत नव्हते. चित्रण एकदाच करून भागले नाही, ते पुनःपुन्हा करावे लागले. दोन चित्रणांच्या मधल्या मोकळ्या वेळात बीटल्स या पाहुण्यांसाठी सहज म्हणून इतर गाणी वाजवीत बसले होते.