मोटारीचा हीटर गार वारा का देतो?

काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात आम्ही चौघे स्नेही पुण्याहून मोटारीने हिमाचल प्रदेशात गेलो होतो. मनाली जवळ आले होते. बाहेरचे तापमान शून्याच्या आसपास असावे. एकाएकी हीटरमधून गार वारा येऊ लागला आणि समोरची काच आतून धुरकट झाली. गाडी चालवणारे स्नेही म्हणाले, "हीटर बिघडलेला दिसतो. अहो, शाली गुंडाळून बसा, मुक्कामी पोचल्यावर बघू." मी मात्र त्यांना गाडी ताबडतोब बाजूला घ्यायला लावली. मला काळजी हीटरची नव्हती, इंजिनाची होती. ती का, हे कळण्यासाठी मोटारीतील ऊब कोठून येते ते पाहू या.

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीचा हीटर स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. जळणाऱ्या पेट्रोलमधील ऊर्जेचा जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा चाके फिरवण्याच्या कामी येतो. बाकीची बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने धुराबरोबर आणि इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याबरोबर निघून जाते. हे तापलेले पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये थंड होते. त्यातलेच थोडे पाणी डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमध्ये जाते. पंखा त्यावरून हवा फुंकतो आणि ती गरम होऊन आपल्याकडे येते. वाया जाणाऱ्या उष्णतेचा हा चांगला उपयोग होय.

या कामासाठी पाणीच का? पाण्याचा विशिष्ट उष्मा फार मोठा आहे. 1 लिटर पाणी 1 अंश सेल्सिअसने थंड होताना जेवढी उष्णता देते, तेवढ्या उष्णतेने सुमारे 3,500 लिटर हवा 1 अंशाने तापते!

आता हीटरमधील बिघाड शोधणे सोपे जाईल. उष्णता इंजिनात निर्माण झाली पाहिजे, पाण्याने ती वाहून आणली पाहिजे आणि हवेने ती घेतली पाहिजे. या तीन कड्यांपैकी कोणती तुटली, एवढेच शोधायचे.

पहिली कडी इंजिनाची. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये थर्मोस्टॅट नावाची झडप असते. तिच्यातील मेण साधारण 80 ते 90 अंशांना वितळून प्रसरण पावते आणि झडप उघडते. तोपर्यंत पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनापाशीच फिरते व लवकर तापते. झडप उघडीच अडकून बसली, तर थंड हवेत इंजिन नीट तापतच नाही. पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवूनही तापमानाचा काटा खालीच रेंगाळत असेल, तर थर्मोस्टॅट बदलावा.

दुसरी कडी पाण्याची. हीटरकडे दोन रबरी नळ्या जातात, एक पाणी आणणारी व दुसरी परत नेणारी. गाडी चालवून इंजिन तापले की ते बंद करावे आणि जाड कापडाआडून दोन्ही नळ्या चाचपून पाहाव्यात. पंख्याजवळ हात नेऊ नये. एक नळी गरम आणि दुसरी जेमतेम कोमट असेल, तर छोटा रेडिएटर गंजाने किंवा गाळाने तुंबला आहे. तो उलट्या दिशेने पाणी सोडून धुवावा लागतो. दोन्ही नळ्या गार असतील, तर पाणी कमी झाले आहे, नळ्यांत हवा अडकली आहे किंवा काही गाड्यांत असणारी हीटरची तोटी बंद आहे.

तिसरी कडी हवेची. दोन्ही नळ्या गरम असूनही वारा गारच येत असेल, तर हवेला गरम रेडिएटरवरून वळवणारे झाकण हलत नाही. त्याची तार निसटलेली असते किंवा छोटी मोटर बंद पडलेली असते.

आमच्या गाडीत काय झाले होते? हीटर गार पडला होता, पण तापमानाचा काटा मात्र वर चढत होता! म्हणजे उष्णता भरपूर होती, वाहून आणणारे पाणीच संपत आले होते. अशा वेळी गाडी तशीच दामटली तर इंजिनाचा वरचा भाग वाकडा होतो आणि फार मोठा खर्च येतो. गार वारा ही त्याची आगाऊ सूचना होती.

स्नेही लगेच रेडिएटरचे झाकण उघडायला निघाले. मी त्यांचा हात धरला. झाकणामुळे आतला दाब वातावरणाच्या जवळजवळ दुप्पट होऊ शकतो आणि अशा दाबाखाली पाणी सुमारे 120 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण काढताच दाब उतरतो व उत्कलनबिंदू 100 अंशांवर येतो. 1 किलोग्रॅम पाणी 120 वरून 100 अंशांवर येताना सुमारे 84 किलोज्यूल उष्णता देते. वाफेचा अप्रकट उष्मा दर ग्रॅमला सुमारे 2.26 किलोज्यूल असतो. म्हणजे क्षणात 37 ग्रॅम पाण्याची वाफ होते. ती 60 लिटरहून अधिक जागा मागते आणि उकळते पाणी घेऊन तोंडावर उसळते!

आम्ही तासभर थांबलो. इंजिन गार झाल्यावर पाहिले, तर एका नळीची पट्टी सैल होऊन पाणी गळाले होते. ती आवळली, पाणी भरले आणि हीटर पूर्ण उघडून इंजिन चालू ठेवले. अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून गेली आणि गरम वारा येऊ लागला. मुक्कामी पोचताच साधे पाणी काढून ग्लायकॉलचे मिश्रण भरले. कारण पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते व इंजिनाला तडा पाडू शकते. निम्मे ग्लायकॉल असलेले मिश्रण सुमारे उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही. मात्र ते चवीला गोड असले तरी विषारी असते, हे विसरू नका.

विद्यार्थी मित्रांनो, आता एक प्रश्न. उन्हाळ्यात घाट चढताना इंजिन तापू लागले, तर जाणते चालक हीटर पूर्ण चालू करतात. का बरे? आणि पाणी गळून गेले असेल, तर या युक्तीचा उपयोग का होत नाही?