अस्थी कशास म्हणावे? कानातील इवल्या हाडांपासून कासवाच्या फलकांपर्यंत

अस्थिगणनेचा विषय निघाला की चर्चा बहुधा एकाच ठिकाणी येऊन अडते. चरकांच्या मते ३६०, सुश्रुतांच्या मते ३००, आधुनिकांच्या मते २०६. मग खरे कोणते? आमच्या मते संख्येचा हा भेद निरीक्षणापेक्षा व्याख्येतून अधिक उद्भवतो. चरकांनी ३२ दात, ३२ दंतोलूखले आणि २० नखेही अस्थींत मोजली. सुश्रुतांनी नखे वगळली. दात मात्र रुचकास्थी म्हणून ठेवले आणि तरुणास्थी, म्हणजे आज ज्यास आपण कूर्चा म्हणतो, त्याही धरल्या. आधुनिक गणनेत दात, नखे व कूर्चा ही तिन्ही बाहेर राहतात. 'अस्थी' या एका शब्दाखाली काय काय येते, हा प्रश्न केवळ प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचा नाही. चिकित्सालयात, औषधनिर्मितीच्या खोलीत आणि अलीकडे कायद्याच्या चौकटीतही तो आपल्यासमोर उभा राहतो.

प्रथम सर्वांत लहान हाडांकडे पाहू. सुश्रुतांनी ग्रीवेपासून वर ६३ अस्थी सांगितल्या; त्यांत कानाच्या दोनच, आणि त्याही तरुणास्थी. मध्यकर्णातील हातोडा, ऐरण व रिकीब यांचा स्वतंत्र उल्लेख नाही. याचे कोणास नवल वाटू नये. मृत शरीर मुंजादी तृणांत गुंडाळून सात रात्री पाण्यात ठेवावे आणि मग कुंचीने हळूहळू घासून थर उलगडावेत, ही त्यांची पद्धती होती. शंखास्थीच्या पोकळीत दडलेली, जेमतेम सव्वातीन मिलिमीटर उंच आणि तीन मिलिग्रॅमच्या आसपास वजनाची रिकीब त्या पद्धतीने हाती लागणे कठीणच. युरोपातही इंग्रासिया या शरीरशास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले ते १५४६ साली. ही हाडे जन्मतःच जवळजवळ प्रौढ आकाराची असतात. पुढे शरीर वाढते, ती वाढत नाहीत.

आपल्या व्यवसायाशी त्यांचा संबंध कर्णस्रावात येतो. पू वर्षानुवर्षे वाहत राहिल्यास ही हाडे झिजतात, आणि झीज बहुधा ऐरणीच्या लांब टोकापासून सुरू होते. अशा कानात समुद्रफेनाचे चूर्ण फुंकण्याचा प्रघात अजून आहे. पडदा फाटलेला असेल तर ते चूर्ण थेट या हाडांवर जाऊन बसते, स्रावाशी मिसळून तेथेच थापले जाते आणि मूळ रोग झाकून टाकते. आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, कर्णदर्शक यंत्राने पडदा पाहिल्याशिवाय कानात कोणतेही चूर्ण घालू नये. दुर्गंधी स्राव, चक्कर किंवा चेहऱ्याचा वाकडेपणा असल्यास रुग्ण त्वरित कर्णतज्ज्ञाकडे पाठवावा.

ध्वनी पोहोचविणारी हाडांची साखळी केवळ मनुष्यात नसते. आपल्या जिल्ह्यातील मामा तलावांत वाढणाऱ्या रोहू, कतला व मांगूर या माशांत वाताशय आणि अंतःकर्ण यांना जोडणारी चिमुकल्या हाडांची मालिका असते; वेबर यांनी १८२० साली तिचे वर्णन केले. माशाची ही हाडे कण्याच्या मणक्यांपासून बनलेली आहेत, तर आपल्या कानातील हातोडा व ऐरण हे आपल्या अतिप्राचीन पूर्वजांच्या जबड्याच्या सांध्यातून आलेले. काम सारखे, कुळ निराळे. माशाच्या डोक्यात निघणारा पांढरा खडा मात्र हाड नव्हे. तो चुन्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. युनानी वैद्यकात संगे सरमाही म्हणून तो अश्मरीवर वापरतात, आणि त्यास कोणी 'माशाचे हाड' म्हणून विकत असेल तर ते चूक आहे.

दुसरा वर्ग स्नायुरज्जूंत वाढणाऱ्या हाडांचा. यांचे पाश्चात्य नाव तिळावरूनच पडले आहे, म्हणून आपण त्यांस तिलास्थी म्हणावयास हरकत नसावी. गुडघ्याची वाटी ही त्यांतील सर्वांत मोठी. सुश्रुतांनी जानूची अस्थी कपालास्थींत गणली आहे. पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याकडून, अशी दोन हाडे असतात आणि चालताना ती कप्पीसारखे काम करतात. रोवणीच्या दिवसांत बांधीत तासन् तास अनवाणी वाकून उभे राहणाऱ्या आणि धुऱ्यांवरून ये-जा करणाऱ्या स्त्रिया अंगठ्याखालील ठणक्याची तक्रार घेऊन आल्यास तेथे दाबून पाहावे; सरसकट 'वातकंटक' म्हणून सोडून देऊ नये. क्ष-किरण चित्रात यांतील एखादे हाड जन्मतःच दोन तुकड्यांचे दिसते. कडा गुळगुळीत व गोलसर असतील तर तो अस्थिभंग नसण्याचाच संभव अधिक.

आता फलकांकडे वळू, कारण औषधनिर्मात्यांचा खरा संबंध येथे आहे. कासवाची पाठ म्हणजे वरून चढविलेली ढाल नव्हे; त्याच्या बरगड्या आणि मणकेच रुंद होऊन एकमेकांस जुळलेले असतात. म्हणून कासव कवचातून बाहेर पडू शकत नाही. बहुतेक कासवांत या अस्थिफलकांवर शृंगद्रव्याचे, म्हणजे नखाच्या जातीचे, पातळ आवरण असते. आपल्याकडील तलावांत आढळणाऱ्या मऊ पाठीच्या कासवात ते नसते. तेथे हाडावर कातडी असते. खवले मांजराचे खवले तर निखळ शृंगद्रव्य. त्यांत हाडाचा अंशही नाही. चीनने २०२० साली हे खवले आपल्या औषधसंहितेतून काढून टाकले.

सुधावर्ग शिकताना आपण शंख, शुक्ती, समुद्रफेन, मृगशृंग, अजास्थी व कच्छपपृष्ठ ही एका ओळीत पाठ करतो. द्रव्यदृष्ट्या ती एका ओळीतील नाहीत. समुद्रफेन हा फेसही नव्हे आणि हाडही नव्हे. माकुळाच्या जातीतील प्राण्याचे ते अंतर्गत कवच आहे. शंख, शुक्ती व समुद्रफेन कार्बोनेटची. मृगशृंग, अजास्थी व कच्छपपृष्ठ ही खरी हाडे, म्हणून मुख्यतः फॉस्फेटची. परीक्षा सोपी आहे. पातळ आम्लाचा थेंब टाकल्यास पहिल्या गटाला जोरात फेस येतो, दुसऱ्यास किरकोळ. जाळल्यावर केस जळल्यासारखा वास येऊन हाताशी जवळजवळ काहीच उरले नाही, तर ते शृंगद्रव्य. कार्बोनेट अति तापविल्यास कळीचा चुना होतो आणि तो जिभेस भाजतो. अस्थिभस्माच्या बाबतीत तसे सहसा होत नाही. पुटाची मात्रा ठरविताना हा भेद ध्यानात ठेवावा.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मधील व्याख्येत शिंग, हाड, कवच, दात व नख यांची नावेच घातलेली आहेत. जंगलात आपोआप झडलेले हरणाचे शिंगही त्यातून सुटत नाही. मऊ पाठीचे कासव व खवले मांजर पहिल्या अनुसूचीत असून, २०२२ च्या सुधारणेनंतर अशा गुन्ह्यास तीन ते सात वर्षे कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. 'ग्रंथात लिहिले आहे' हा बचाव तेथे चालत नाही. नागझिरा, कोका आणि वैनगंगेच्या काठी व्यवसाय करणाऱ्या आपल्यासारख्यांकडे असा माल घेऊन येणारे कधी ना कधी भेटतातच. त्यांस दारातूनच परत पाठवावे.

कच्छपपृष्ठाच्या जागी अजास्थी घेता येते. दोहोंचे गुणकर्म तंतोतंत एक, असा आमचा दावा नाही. पण खनिज एकाच जातीचे आहे आणि बकऱ्याचे हाड खाटिकाकडून उघडपणे मिळते. ज्यांच्याकडे वडिलोपार्जित बरण्यांत कच्छपपृष्ठ किंवा शिंगाचे तुकडे आजही पडून असतील, त्यांनी ते गुपचूप फेकू नयेत आणि विकूही नयेत. वकिलाचा सल्ला घेऊन वन कार्यालयास लेखी कळवावे व अर्जाची पोच जपून ठेवावी.